साजगावच्या यात्रेला जाताना

खोपोलीत मुद्दाम उतरणारे लोक कमी. घाट चढण्याआधी चहा-वड्यासाठी गाडी थांबवायची, नाहीतर जुलै-ऑगस्टात धबधब्याखाली भिजून परतायचं, एवढीच बहुतेकांची या गावाशी ओळख असते. माझं मत विचाराल तर खोपोली पाहायची ती दिवाळीनंतर. पाऊस गेलेला असतो, सह्याद्रीची भिंत वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसते, पहाटे अंगावर शाल लागते, दुपारचं ऊन सोसवतं, आणि साजगाव-ताकईला बोंबल्या विठोबाची यात्रा भरलेली असते. ही यात्रा मध्यावर ठेवून एक किंवा दोन दिवस कसे घालवावेत, ते इथे सांगतो.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा, कारण बेत फसतो तो इथेच. यात्रा कार्तिकी एकादशीच्या सुमारास सुरू होते आणि पुढे साधारण पंधरवडाभर चालते. इंग्रजी महिन्याच्या हिशेबाने ही एकादशी दरवर्षी सरकते. २०२३ साली ती २३ नोव्हेंबरला होती, २०२४ साली १२ नोव्हेंबरला, २०२५ साली थेट २ नोव्हेंबरला. अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलली जाते. म्हणून ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात गेलो होतो’ या आधारावर रजा टाकू नका. पंचांग बघा, आणि खोपोली-खालापूरकडे कुणी ओळखीचं असेल तर निघण्याआधी एक फोन करा. एकादशीचा दिवस दर्शनाच्या गर्दीचा. ज्यांना विठोबाच हवा आहे त्यांनी तो दिवस गाठावा. ज्यांना बाजार बघायचा आहे, त्यांनी पुढचे आठ दिवस धरावेत आणि शक्यतो रविवार टाळावा. अगदी शेवटच्या दिवसांत भाव थोडे उतरतात खरे, पण चांगला माल आधीच उचललेला असतो.

पहिल्यांदा येणाऱ्याला इथे एक गोष्ट चकित करते. देव विठोबा, गळ्यात माळ घातलेली माणसं रांगेत, आणि देवळाच्या पायथ्याशी सुक्या मासळीचे ढीग! पंढरपुरात असं दृश्य कुणी कल्पनेतही आणणार नाही. पण जागा आणि वेळ लक्षात घेतली की कोडं सुटतं. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याची. किनाऱ्यावरचा माल आणि घाटावरचा माल समोरासमोर यायला याहून सोयीचं ठिकाण नाही. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी देहूहून घाट उतरून इथे येत, अशी आख्यायिका इथले लोक सांगतात. ती आख्यायिका असली तरी तिच्यामागचा व्यवहार खरा आहे: वरून मिरची आणि घोंगडी येणार, खालून मासळी जाणार. वेळेचं म्हणाल तर कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मास संपतो. चार महिने मासळी वर्ज्य केलेली घरं पुन्हा चूल बदलतात. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते, पुढे श्रावण-भाद्रपदाच्या ढगाळ हवेत मासळी नीट वाळत नाही. दसरा-दिवाळीच्या उन्हात खडखडीत वाळलेला नवा माल कार्तिकातच बाजारात येतो.

हल्ली आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं जर्मनीत आहेत, आणि डिसेंबरात तिकडून नाताळच्या बाजारांचे फोटो येतात. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, गरम मसालेदार वाइनचे पेले. त्यांतला ड्रेस्डेनचा प्रसिद्ध बाजार १४३४ साली सुरू झाला तो एका दिवसाचा मांसाचा बाजार म्हणून. नाताळाआधीचा उपवास संपला की सणाच्या जेवणाला मांस हवं, त्याची ती सोय होती. साजगावची गोष्ट त्याच जातीची आहे. ते बाजार बघायला आपण विमानाची तिकिटं काढतो आणि कर्जतच्या पुढे पाच स्टेशनांवर असलेला आपला बाजार मात्र माहीत नसतो.

जायचं कसं? मुंबई, ठाणे, कल्याणकडून येणाऱ्यांनी लोकलच धरावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून थेट खोपोलीच्या काही मोजक्या गाड्या आहेत. त्या जमल्या नाहीत तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली, असा हा पंधरा किलोमीटरचा फाटा आहे. गाड्या थोड्या आहेत, एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ बाकावर बसावं लागतं. म्हणून परतीच्या गाड्यांच्या वेळा सकाळीच बघून मोबाइलमध्ये टिपून ठेवा, विशेषतः रात्रीची शेवटची. कर्जतला हातात वेळ उरला तर स्टेशनावरचा वडा खावा, हे मी सांगायची गरज नाही.

हा फाटा आज आडबाजूचा वाटतो, पण एकेकाळी मुख्य रेल्वे हीच होती. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि घाटापाशी अडला. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीत, तट्टावर किंवा पायी चढावा लागे. घाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, तो कर्जत-पळसदरीवरून वर गेला आणि खोपोली बाजूला राहिली. लौजी सोडल्यावर गाडीच्या खिडकीतून समोरचा डोंगर बघा, म्हणजे इंजिनिअर इथे का थांबले ते कळेल.

पुण्याकडून येणाऱ्यांना थेट गाडी नाही. लोणावळ्याहून जुन्या घाटाने एस.टी. किंवा स्वतःच्या गाडीने उतरणं सोपं. जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची गोष्ट सांगतात, आणि ट्रकवाले अजूनही तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. स्वतःची गाडी आणणार असाल तर यात्रेच्या दिवसांत ती साजगावच्या तोंडापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. शहरात लावा आणि रिक्षा करा. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर घाटात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता दिवसाची आखणी. बाजार संध्याकाळचा, म्हणून सकाळ आणि दुपार गावासाठी मोकळी ठेवा.

सुरुवात वीरेश्वराच्या देवळापासून आणि त्याच्या तळ्यापासून करा. हे देऊळ आणि तळं नाना फडणवीसांनी बांधवलं. घाट चढण्याआधीचा हा मुक्काम, माणसाला आणि जनावराला पाणी हवं, म्हणून एवढं मोठं दगडी तळं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून पुण्याला जाणारे इंग्रज प्रवासीही या तळ्याची वाखाणणी करत. सकाळी आठ-नऊच्या आत गेलात तर पायऱ्यांवर निवांत बसता येतं.

तिथून पाताळगंगेकडे या. नोव्हेंबरनंतर कोकणातल्या बहुतेक लहान नद्या आटायला लागतात, पण खोपोलीत ही नदी हिवाळ्यातही वाहती दिसते. कारण डोंगरात आहे. पावसाळ्यात वर लोणावळ्याला वळवण, शिरवटा अशा धरणांत साठवलेलं पाणी मोठ्या नळांतून पाचशेहून अधिक मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात येतं, जनित्रं फिरवतं आणि मग पाताळगंगेत सोडलं जातं. टाटांचं हे वीजघर १९१५ साली सुरू झालं, ते मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज द्यायला. गिरण्या गेल्या, वीजघर चालू आहे. आत परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि तिथल्या पहारेकऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. डोंगरउतारावरून खाली येणारे नळ मात्र बाहेरूनही दिसतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते दाखवून पाण्यापासून वीज कशी होते ते समजवा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळतं.

नदीकाठीच गगनगिरी महाराजांचा आश्रम आहे. महाराजांनी २००८ साली फेब्रुवारीत इथेच देह ठेवला. श्रद्धा असो वा नसो, दुपारच्या उन्हात बसायला ही जागा चांगली. मोबाइल बंद, आवाज हळू, एवढं पाळा.

झेनिथच्या धबधब्याबद्दल हमखास विचारणा होते. हिवाळ्यात तिथे ओला कातळ आणि पावसाळी पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या याखेरीज काही मिळत नाही. त्यासाठी रिक्षाचे पैसे घालवू नका.

दुपारी दोन-तीन तास हातात असतील तर महडचा वरदविनायक करून या. खोपोलीहून जुन्या महामार्गाने पनवेलच्या दिशेला सहा-सात किलोमीटर. अष्टविनायकांतला हा गणपती. इथलं देऊळ १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे असं सांगतात. मंगळवार, संकष्टी आणि अष्टविनायक सहलींच्या बसचा रविवार सोडून गेलात तर दर्शन झटपट होतं. चवदार तळ्याचं महाड वेगळं आणि हे महड वेगळं. नकाशात नाव टाकताना बघून टाका, नाहीतर गाडी शंभरेक किलोमीटर दक्षिणेला जाईल.

चार वाजले की साजगावकडे निघा. आधी विठोबाचं दर्शन घ्या. हातात मासळीची पिशवी घेऊन रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही, आणि मासळी घेऊन झाल्यावर चढण चढायचा उत्साहही राहत नाही. मग एक मोकळी फेरी मारा. पिशवी बाहेर काढायची नाही, भाव फक्त ऐकायचे. ही यात्रा बैलबाजारासाठीही नावाजलेली आहे. बैल बघायचे असतील तर सकाळची वेळ चांगली, कारण खरे व्यवहार तेव्हाच होतात. लहान मुलांना पाळण्यात बसवायचं असेल तर उजेड असतानाच बसवा, नंतर रांगा लागतात.

खरेदीत पहिला मान बोंबलाचा. बोंबील ओलाच इतका पाणीदार असतो की तो नीट वाळलाय की नाही यावरच सगळं अवलंबून. किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगतात, आणि वारं-ऊन दोन्ही लागलं की मगच तो टिकाऊ होतो. एक उचलून वाकवून बघा. कटकन मोडला तर चांगला, चामड्यासारखा वाकला तर आत ओल आहे. रंग पांढुरका, फिकट पिवळसर असावा. लालसर झाक किंवा काळे ठिपके दिसले तर पुढच्या दुकानी जा. वास उग्र असणारच, त्याला घाबरू नका. पण डोळ्यांत जाणारा, आंबूस-तिखट वास आला तर तो माल भिजून पुन्हा वाळवलेला समजा. लांबी फार मोठी असली म्हणून भुलू नका. कालवणाला मध्यम, कुरकुरीत भाजायला बारीक बोंबील बरा.

जवळा घेताना चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा आणि हळूच फुंकर मारा. जवळा उडतो, वाळू हातावर राहते. वाळू जास्त असेल तर घरी कितीही पाखडा, दाताखाली कचकच येतेच. ढिगाच्या वरचा नव्हे, पोत्याच्या तळाचा माल दाखवायला सांगा. मासळी विकणाऱ्या बाईला राग येईल, पण दाखवेल. सोडे महाग असतात आणि म्हणूनच तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. बोटं ओली करून एक सोडा चोळा. बोटाला केशरी रंग लागला तर तो रंग कोलंबीचा नाही. सोडे सुटे, टणक आणि सारख्या आकाराचे असावेत. तुकडे मिसळलेले असतील तर भाव तुकड्यांचाच द्या. करंदी, वाकट्या, मांदेली, ढोमी हे थोडं थोडं घेऊन बघण्यासारखं. खारवलेली मुशी किंवा बांगडा घेणार असाल तर मीठ किती आहे ते बघा, कारण वजनात तुम्ही मिठाचेही पैसे देत असता.

घासाघीस करावी का? करावी, पण बेतानं. या बायका भाव थोडा चढाच सांगतात, कारण तुम्ही तो पाडणार हे त्यांना ठाऊक असतं. दोन-तीन प्रकार एकाच ठिकाणी घेतले की पैसे फारसे कमी होत नाहीत, पण वर मूठभर जवळा पडतो. ‘मावशी, घालवा अजून थोडं’ एवढं म्हणायला लाजू नका.

मासळीखालोखाल घोंगडी. मेंढीच्या लोकरीचं हातमागावरचं घोंगडं खरखरीत आणि जड असतं, मऊ लुसलुशीत लागलं तर त्यात दुसरा धागा आहे. काठाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि काडीवर जाळा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडली जाते, नकली असेल तर धागा वितळून गोळी होते. विकणारा खरा असेल तर स्वतःहून काडी पेटवून देतो. घरी आणल्यावर गरम पाण्यात बुडवू नका, आटतं. ऊन दाखवा, झटका, बस.

खायला गोडी शेव, खाजा, रेवडी, गरम भजी हे सगळीकडे असतंच. पण रस्त्याकडेला आदिवासी बायका टोपलीत उकडलेले करांदे घेऊन बसलेल्या दिसल्या तर थांबा. खालापूर-कर्जतच्या डोंगरांतल्या कातकरी आणि ठाकरवाड्यांतल्या या बाया. करांदा किंचित कडसर, पिठूळ, मीठ लावून खायचा. शहरात तो सहजी मिळत नाही. आणि कृपा करून त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, हा कंद त्या अर्धा दिवस रानात खणत असतात.

मुक्काम करणार असाल तर मासळी पहिल्या दिवशी घेऊच नका. खोलीत रात्रभर तो वास तुम्हालाच सहन करावा लागेल, आणि लॉजवाल्याचं तोंड सकाळी बघवणार नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर घ्या.

दुसरा दिवस दोनपैकी एका जागेला द्या. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नयेत. इतिहासाची आवड असेल तर उंबरखिंड. खोपोली-पाली रस्त्यावरून शेमडीपाशी आत वळलं की चावणी गाव लागतं, तिथे अंबा नदीच्या पात्रालगत विजयस्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी इथे कारतलबखानाला गाठलं. शाहिस्तेखानाने पुण्याहून पाठवलेली ही फौज घाट उतरून अरुंद रानवाटेत शिरली, मागची-पुढची तोंडं बंद झाली, पाण्यावाचून हाल झाले आणि रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली. हिवाळ्यात पाणी कमी असतं, त्यामुळे पात्रात उतरून दोन्ही बाजूंचे डोंगर बघता येतात. पोथीत वाचलेली ‘कोंडी’ तिथे उभं राहिल्यावर पटते. पाणी आणि डबा बरोबर न्या, तिथे हॉटेल शोधत बसू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला विजयदिनाच्या निमित्ताने गर्दी असते.

चालायची हौस असेल तर कोंडाणे लेणी. त्यासाठी कर्जतला परत यायचं, तिथून रिक्षाने कोंदिवडे आणि पुढे तासाभराची रानातली चढण. इसवी सनापूर्वीची ही बौद्ध लेणी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलेली आहे, तुळया आणि कमानीसुद्धा. पावसाळ्यात वरून कोसळणाऱ्या धारेपुढे लोक फोटो काढतात आणि कोरीवकाम न बघताच परततात. हिवाळ्यात धार नसते, म्हणून लेणं दिसतं. सकाळी लवकर निघा, पायात चपला नकोत, आणि मधमाश्यांची पोळी दिसली तर धूर-गोंगाट अजिबात नको.

मुलांचा इमॅजिकाचा हट्ट असेल तर तो तिसरा, वेगळा दिवस धरा. ते खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, पण एकदा आत शिरलं की संध्याकाळपर्यंत सुटका नाही. बर्फाची हौस तिथल्या कृत्रिम बर्फाच्या दालनात भागते, जर्मनीला जायला नको.

काही वाचक म्हणतील, आम्हाला पोपटी खायची आहे, ती यात्रेत मिळेल का? नाही. वालाच्या शेंगा भरायला पौष उजाडतो. पोपटीसाठी जानेवारी-फेब्रुवारीत वेगळं या, तेही ओळखीच्या शेतावर. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी आणि मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झाली. शाकाहारी मंडळींसाठी दुसरं मडकं लावायला आधीच सांगा, ऐनवेळी जाळ पुरत नाही.

राहिली मासळी घरी नेण्याची गोष्ट. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच आणा. तो नसेल तर आधी वर्तमानपत्र, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि सगळ्यात बाहेर कापडी पिशवी. खोपोलीहून सुटणाऱ्या गाडीत यात्रेच्या दिवसांत निम्म्या डब्याकडे हेच सामान असतं, तेव्हा कुणी नाक मुरडणार नाही. कल्याणनंतर मात्र पिशवी वरच्या फळीवर न ठेवता पायाशी घ्या. घरी पोहोचल्यावर बोंबलांची डोकी आणि पर काढून मासळीला पुन्हा दोन दिवस कडक ऊन द्या, जवळा तव्यावर कोरडाच परता, आणि पूर्ण गार झाल्यावर बरणीत भरा. अशी ठेवलेली मासळी आषाढापर्यंत पुरते, पण घरच्यांच्या हाताला बरणी लागली तर माघ गाठणंही कठीण. म्हणून निम्मी बरणी वरच्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवा.